खर्ज ठेवायचा, घूं घालवायची: एका जुन्या व्ही-८चा एक्झॉस्ट

सायलेन्सर ही या कामात सगळ्यात शेवटी विकत घ्यायची वस्तू. बहुतेक जण नेमके तिथूनच सुरुवात करतात, आणि मग आवाज मोठा झाला पण कानाला बरा लागत नाही म्हणून एकामागून एक सायलेन्सर बदलत बसतात. समोर आलेली गाडी होती १९६९ची शेव्हरोले शेव्हेल: ३५० क्यूबिक इंची, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. खाली दोन्ही बाजूंना सुटे पाइप, मधे जोड नाही, आतलं पॅकिंग उडून गेलेले ग्लासपॅक जातीचे सायलेन्सर, आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या अलीकडेच जमिनीकडे वळवून सोडलेली तोंडं. उभ्या गाडीत आवाज भसाडा, आणि ताशी ५० मैलांवर केबिनमध्ये अशी घूं की शेजारच्याशी बोलणं अवघड. मागणी साधी होती: उभी असताना खर्जातली गुरगुर, पाय दिला की गर्जना, आणि हायवेवर तासभर चालवून डोकं दुखू नये.

हा खर्ज इंजिनाच्या पोटातून येतो, पाइपातून नाही. त्या काळातल्या अमेरिकन व्ही-८चा क्रँकशाफ्ट समोरून पाहिला तर चार क्रँकपिना अधिकच्या चिन्हासारख्या ९० अंशांवर दिसतात. शेव्हरोलेचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. डावीकडे १, ३, ५, ७. उजवीकडे २, ४, ६, ८. अख्खं इंजिन दर ९० अंशांना एक धक्का देतं, अगदी घड्याळासारखं. पण एकाच बाजूच्या पाइपला कान लावला तर डावीकडचे धक्के २७०, १८०, ९०, १८० अशा अंतरांनी येतात. ५ नंतर लगेच ७, मग थोडा श्वास, मग १, मग मोठा श्वास. उजवीकडे ८ आणि ४ यांची तशीच जोडी. या लंगडत्या चालीलाच आपण गुरगुर म्हणतो. क्रायस्लर आणि पॉन्टिअ‍ॅकचा क्रम हाच आहे. फोर्डच्या २८९ इंजिनाचा १-५-४-२-६-३-७-८, आणि फोर्ड सिलिंडर मोजतेही वेगळ्या पद्धतीने, पण एका बाजूला दोन धक्के लागोपाठ येणं तिथेही आहेच. फेरारीच्या व्ही-८मध्ये पिना एकाच पातळीत असतात, दोन्ही बाजूंना धक्के बरोबर १८० अंशांनी पडतात, म्हणून ते इंजिन तार स्वरात ओरडतं. शेव्हेलमधून तो आवाज काढायच्या नादी लागू नये.

म्हणजे पाइप, जोड आणि सायलेन्सर यांचं काम एवढंच की या लंगडत्या तालातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं. तालच बिघडलेला असेल तर पुढचा सगळा खर्च पाण्यात.

म्हणून आधी इंजिन. गरम करून स्लो स्पीडवर ठेवलं आणि प्रत्येक टेलपाइपच्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरली. निरोगी इंजिनात ती सारखी बाहेर ढकलली जाते. मधेच आत खेचली जात असेल तर मिसिंग आहे, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नाही, किंवा एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही. इथे डावीकडे पट्टी ठीक फडफडत होती, उजवीकडे अधूनमधून आत ओढली जात होती. इन्फ्रारेड थर्मामीटरने मॅनिफोल्डचे, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या ओतीव भागाचे, आठही पोर्ट एकेक करून मोजले. ८ नंबरचा बाकीच्यांपेक्षा बराच थंड. प्लग बदलला, फरक नाही. प्लगची वायर बदलली आणि पोर्ट तापला. कित्येक गाड्यांत लोक ज्याला कौतुकाने कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) आवाज म्हणतात तो असा एक मेलेला सिलिंडर असतो. ओळखायची खूण सोपी आहे: कॅममुळे होणारी लय पुन्हा पुन्हा तशीच येते, मिसिंगचा ठोका वाटेल तेव्हा चुकतो.

व्हॅक्यूम गेज लावलं. मूळ कॅमवर १८ ते २० इंच पारा आणि स्थिर काटा अपेक्षित असतो. इथे १५ इंच, काटा किंचित हलता. म्हणजे कॅम आधीच कोणीतरी बदललेला. त्या काळच्या ३०० हॉर्सपॉवरच्या ३५०मध्ये कॅमचं ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, ०.०५० इंच लिफ्टला इनटेकवर १९५ आणि एक्झॉस्टवर २०२ अंश असायचं, जवळपास सोज्वळ. उभ्या गाडीची डुलती गुरगुर हवी असेल तर २२० ते २३० अंश आणि लोब सेपरेशन, म्हणजे कॅमवरच्या इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांमधलं अंतर, ११० ते ११२ लागतं. सेपरेशन १०८ केलं की दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा काळ वाढतो, डुलणं वाढतं आणि व्हॅक्यूम आणखी पडतं. मग पॉवर ब्रेक दगडासारखे लागतात आणि ऑटोमॅटिकला जास्त स्टॉलचा, म्हणजे वरच्या आरपीएमला पकड घेणारा, टॉर्क कन्व्हर्टर द्यावा लागतो. या गाडीत होतं तेवढं पुरेसं होतं, म्हणून कॅमला हात लावला नाही. बदलणार असाल तर एक गोष्ट पक्की: फ्लॅट टॅपेट कॅम पहिल्यांदा सुरू केला की २० ते ३० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर ठेवायचा, स्लोवर सोडायचा नाही, आणि ऑइल झिंकचं प्रमाण जास्त असलेलं घालायचं. कॅमवर पुरेसं ऑइल उडण्याइतका स्पीड स्लोवर नसतो. लोब घासला गेला की तो सिलिंडरही गेला आणि आवाजही.

ठिणगीचं टायमिंग बरंच मागे होतं. ठिणगी उशिरा पडली की जाळ एक्झॉस्टमध्ये जाईपर्यंत जळत राहतो, हेडर (प्रत्येक सिलिंडरच्या वेगळ्या नळीचे पत्र्याचे मॅनिफोल्ड) असतील तर लाल होतात, आवाज पोकळ आणि फुसका येतो. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी काढून बंद केली, स्लोवर १० ते १२ अंश आणि ३००० आरपीएमपर्यंत एकूण ३४ ते ३६ अंश असं बसवलं, मग नळी परत लावली. एवढ्यानेच आवाज भरला. पाइपला अजून कोणी हातही लावला नव्हता.

मग उजव्या मॅनिफोल्डच्या तोंडाशी ती कुप्रसिद्ध झडप, हीट रायझर. थंड इंजिनात उजव्या बाजूचा गरम वायू इनटेकखालून फिरवून कार्ब्युरेटर ऊबदार ठेवायला ती असते. स्प्रिंग थकते, दांडी गंजते आणि झडप अर्धी बंद अवस्थेत अडकते. मग एक बाजू मोकळी, दुसरी गळा दाबल्यासारखी. गंज सोडवणारं तेल टाकून दांडीवर दोन्ही टोकांनी हलके ठोके दिले की बऱ्याचदा सुटते. नाहीच सुटली तर त्या जागी तेवढ्याच जाडीचा स्पेसर बसतो. थंडीत गाडी गरम व्हायला जास्त वेळ घेते, इतकंच.

ओतीव लोखंडाचे मॅनिफोल्ड ठेवायचे की हेडर लावायचे, यावर लोक रात्रभर भांडतील. जाड लोखंड स्वतः आवाज गिळतं, टिकटिक करत नाही, गॅस्केट वर्षानुवर्षं टिकतं. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची लांब नळी मिळते, धक्के ठसठशीत राहतात, वरच्या आरपीएमला ताकद वाढते. पण पातळ पत्र्यामुळे बॉनेटखाली किणकिण येते, स्टार्टर आणि प्लगच्या वायरी भाजतात. नुसत्या गुरगुरीसाठी हेडर लागत नाहीत. इथे गर्जनाही हवी होती, म्हणून १ ५/८ इंची नळ्यांचे लांब हेडर घेतले, कलेक्टर, म्हणजे चार नळ्या जिथे एकत्र येतात तो भाग, ३ इंची. पत्रा जाड, १४ गेजचा मिळत असेल तर पातळ, १८चा घेऊ नये. किणकिण कमी होते आणि फ्लँज वाकत नाही. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत, २० ते २५ फूट-पाउंडांवर. एका दमात कोपऱ्यातले बोल्ट आवळले की फ्लँज तिरका बसतो आणि मधल्या दोन पोर्टांतून गळती सुरू.

पाइपचा व्यास हा हौसेचा विषय नाही. दुहेरी एक्झॉस्टला ३०० हॉर्सपॉवरच्या आसपास सव्वादोन इंच, ३५० ते ४५०ला अडीच, आणि ५००च्या वर ३ इंच. ३ इंची पाइपचं पोट अडीच इंचीपेक्षा ४४ टक्के मोठं. सौम्य ३५०ला ते लावलं तर वायूचा वेग पडतो, आवाज मोठा पण पसरट होतो, शिवाय पाइप जमिनीला घासतो. आम्ही अडीच इंच घेतला, १६ गेजचा अ‍ॅल्युमिनाइज्ड स्टील. वळणं मँड्रेलवर, म्हणजे पाइपला आतून आधार देऊन, काढलेली. साध्या बेंडरवर काढलेल्या वळणात अडीच इंची पाइप सहज सव्वादोनवर येतो आणि आतल्या सुरकुत्यांवर वायू फुसफुसतो. जुन्या पाइपला अशी चार वळणं होती.

आता या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची एक फूट लांबीची नळी: दोन पाइपांमधला आडवा जोड. एच-पाइप म्हणजे दोन्हींना जोडणारा सरळ आडवा तुकडा. लागोपाठ आलेल्या दोन धक्क्यांना पलीकडे थोडी जागा मिळते, टोकदार कडा बोथट होतात आणि खर्ज शिल्लक राहतो. एक्स-पाइपमध्ये दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळून पुढे जातात. प्रत्येक टेलपाइपमधून आठही सिलिंडरचे धक्के जवळपास समान अंतराने बाहेर येतात. ताकदीला एक्स थोडा बरा, पण स्वराची पट्टी वर चढते आणि लंगडेपणा गुळगुळीत होतो. ज्याला परदेशी स्पोर्ट्स कारसारखं वाजायला हवं त्याने एक्स लावावा. इथे एचशिवाय दुसरा विचार नव्हता.

एच कुठे बसवायचा हे रंगाने ठरवलं. हेडर बसवले, कलेक्टरपासून मागे अडीच फुटांचे सरळ पाइप तात्पुरते जोडले. दोन्हींवर वरून खालपर्यंत साध्या स्प्रे-पेंटची दोन बोटं रुंद पट्टी मारली. उष्णता सोसणारा रंग इथे चालत नाही, कारण तो जळायलाच हवा. वाळल्यावर इंजिन सुरू केलं, २००० ते २५०० आरपीएमवर मिनिटभर ठेवलं आणि बंद केलं. कलेक्टरजवळ रंग काळा पडून पापुद्रे सुटले होते, पुढे तपकिरी, आणि एका जागी जळणं थांबून रंग जसाच्या तसा. त्या सीमेवर खडूने खूण केली. साधारणपणे ती कलेक्टरपासून १२ ते १८ इंचांवर येते. डावी आणि उजवी खूण तंतोतंत जुळत नाही. मधली जागा धरायची. गिअरबॉक्सचा आडवा क्रॉसमेंबर नेमका तिथे आला तर एच त्याच्या मागे सरकवावा, पण गिअरबॉक्सचा पॅन काढता येईल एवढी वाट ठेवून.

आडव्या नळीचा व्यास मुख्य पाइपएवढाच ठेवला. इथे हमखास होणारी चूक अशी: बाहेरून अडीच इंची तुकडा वेल्ड केलेला दिसतो, पण मुख्य पाइपला भोक मात्र पाऊण इंचाचं पाडलेलं. असा एच शोभेला. होल-सॉने पूर्ण व्यासाचं भोक पाडलं, आतली कडा कानशीने साफ केली, तुकड्याची टोकं मुख्य पाइपच्या गोलाईला बसतील अशी घासली. आधी चार टाके, मग गाडीखाली बसवून पाहिलं, मग बाहेर काढून पूर्ण वेल्डिंग. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढली. टाके न मारता एका बाजूने सलग वेल्ड ओढला की पाइप तापून वाकतो आणि मागचं टोक दोन इंच बाजूला जातं. मग अख्खी लाइन क्रॉसमेंबरला घासत वाजत राहते.

आता कुठे सायलेन्सर. तीन जाती. ग्लासपॅकमध्ये छिद्रांच्या नळीभोवती फायबरग्लास. नवा असताना गोड, पण पॅकिंग जळत-उडत जातं आणि आवाज दर वर्षी कर्कश होतो. कप्प्यांचा सायलेन्सर आतल्या पडद्यांवर लाटा आपटून एकमेकींना खोडतो. दोन कप्प्यांचा आखूड सायलेन्सर ही सगळ्यांच्या ओळखीची कडक, पोकळ गर्जना, आणि केबिनमधली घूं बहुतेक वेळा त्याच्याकडूनच येते. तिसरा टर्बो, आत एस आकाराचा मार्ग. हे नाव आलं शेव्हरोलेच्याच टर्बो लावलेल्या कॉर्व्हेअरवरून. तिचा मोकळा सायलेन्सर हौशी मंडळींनी भंगारातून उचलून आपल्या व्ही-८ला लावायला सुरुवात केली. कारखान्यांनाही हा मोह होताच: १९६९च्या कॅमारोला सायलेन्सरऐवजी कप्पे पाडलेले पाइप ऑप्शनमध्ये मिळत, आणि १९७०च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओत डॅशबोर्डखालची खुंटी ओढली की व्हॅक्यूमवर सायलेन्सरमधला मोकळा मार्ग उघडायचा.

लांब पोटाचा टर्बो सायलेन्सर घेतला. पोट मोठं असेल तर खालचे स्वर आटोक्यात राहतात. आखूड डबा फक्त वरचे कापतो. टेलपाइप मात्र अ‍ॅक्सलवरून नेऊन थेट बंपरच्या मागे काढले. अ‍ॅक्सलच्या अलीकडे सोडलेला पाइप आवाज जमिनीवर आपटून फ्लोअरमधून आत पाठवतो आणि कार्बन मोनॉक्साइडही. डिकीचं रबर फाटलेलं असेल तर बंपरपर्यंत नेलेला पाइपही धूर आत ओढू देतो, म्हणून तेही बदललं.

बसवणीतलं एक पथ्य: हँगर लावताना गाडीचं वजन चाकांवरच हवं. फ्रेमखाली जॅक लावून चाकं लोंबकळत ठेवली तर अ‍ॅक्सल खाली आलेला असतो, वर भरपूर जागा दिसते, आणि गाडी खाली उतरवल्यावर पहिल्याच खड्ड्यात अ‍ॅक्सल पाइपवर आदळतो. सगळीकडे बोटभर तरी, अ‍ॅक्सलवर दोन इंच मोकळीक ठेवली. हँगरांत रबर असलंच पाहिजे. लोखंडाला लोखंड लागलं की अख्खी फ्रेम ढोल होते. सरकजोडांत पुढचा पाइप मागच्याच्या आत, दीड ते दोन इंच, आणि वर पट्टीचा क्लॅम्प. यू-बोल्ट पाइप चेमटवतो, पुढच्या वेळी जोड सुटत नाही.

सुरू केली. उभ्या गाडीत आवाज हवा तसाच, प्रत्येक डुलणं वेगळं ऐकू येईल असा. पाय सोडल्यावर मात्र मागे फटाके. फटाके म्हणजे कुठेतरी बाहेरची हवा आत येतेय आणि न जळलेलं पेट्रोल पाइपातच पेटतंय. कारखान्याच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी हवा फेकणाऱ्या तोंडाला लावून टेलपाइपमध्ये चिंध्यांनी गच्च बसवली, दुसरा टेलपाइप चिंध्यांनी बंद केला आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडलं. उजव्या कलेक्टरच्या गॅस्केटवर बुडबुडे. कागदी गॅस्केट काढून तांब्याचं घातलं, फटाके थांबले.

उरली घूं. २१०० आरपीएमवर, टॉप गिअरला ताशी ५० मैलांच्या आसपास. पूर्वीपेक्षा निम्मी, पण होती. व्ही-८मध्ये एका फेरीला चार धक्के, म्हणजे २१०० भागिले ६० गुणिले ४: सेकंदाला १४०. फोनवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्येही सुळका १४० हर्ट्झलाच. हा एकच स्वर मारायचा तर त्याच्या पाव लहरीएवढी, एका टोकाला बंद नळी पाइपच्या बाजूला जोडायची. लाट आत जाते, बंद टोकावर आपटते आणि परत येईपर्यंत उलटी झालेली असते. मागच्या पाइपात वायू साधारण २५० अंश सेल्सिअस धरला तर आवाजाचा वेग सेकंदाला ४६० मीटरच्या जवळ. ४६० भागिले (४ गुणिले १४०), म्हणजे ८२ सेंटिमीटर, ३२ इंच. थंड हवेचा ३४० हा वेग धरून हिशेब केला तर नळी २४ इंचांची येते आणि काहीच होत नाही. या युक्तीला नावं ठेवणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच चुकलेले असतात. अडीच इंची पाइपची इंग्रजी जे आकाराची नळी सायलेन्सरमागे, दोन्ही बाजूंना एकेक. टोकाची टोपी आधी वेल्ड न करता क्लॅम्पवर सरकती ठेवली, दोन इंच मागेपुढे करत रस्त्यावर फिरवून पाहिली, सुळका सर्वांत खाली आला तिथे वेल्ड केली. बाहेरचा आवाज होता तसाच राहिला, कारण नळी त्या एका स्वराच्या आसपासच काम करते.

मोठेपणा मोजायचा तर मीटर टेलपाइपपासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांत, भिंतींपासून लांब धरायचा. कॅलिफोर्नियात ६००० पाउंडांखालच्या गाड्यांना ९५ डेसिबलची मर्यादा आहे. १९७५ आणि आधीच्या गाड्यांना स्मॉग (धुराच्या) तपासणीतून सूट असली तरी आवाजातून नाही. फोनचा माइक यासाठी धरू नये.

हेडरचे बोल्ट पहिल्या गरम-थंड फेरीनंतर आवळले, मग १०० मैलांनी, मग ५००नी, दर वेळी थंड इंजिनात. सकाळी सुरू केल्यावर मिनिटभर टिकटिक आणि गरम झाल्यावर गप्प, असं झालं तर ते टॅपेट समजून व्हॉल्व्ह कव्हर उघडू नका. आधी उजवीकडच्या शेवटच्या पोर्टपाशी रबरी नळीचं एक टोक धरा, दुसरं कानाला लावा. पाना तिथे नीट पोचत नाही, म्हणून सैल राहिलेला बोल्ट बहुतेक वेळा तोच असतो.